माल घाट चढतो की उतरतो?

प्रश्न : मी भांडुपला राहतो. वाशी मार्केटमधून भाजी उचलून पवई, विक्रोळी आणि कांजूरमार्गच्या ऑफिस कँटीनना पोचवतो. आजवर भाड्याच्या टेम्पोवर भागवलं, आता स्वतःची पिकअप घ्यायची आहे. रोजची फेरी साधारण ५५ किलोमीटर, माल सहाशे-सातशे किलो. टोमॅटोच्या हंगामात महिन्यातून दोनदा माळशेजमार्गे नारायणगावला जातो, तेव्हा साठ-पासष्ट क्रेट आणतो. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, सारी हयात ट्रक चालवला. मामा म्हणतात, डिझेलच घे, गॅसची गाडी घाटात मान टाकते. डीलर मात्र सीएनजीच पुढे करतोय. मेहुणा म्हणतो, २०१७ ची डिझेल पिकअप स्वस्तात मिळतेय, तीच घे. हप्ता मला एकट्यालाच फेडायचा आहे. डिझेल घेऊ का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुम्ही पत्रात लिहिलेलं काम खरोखर तसंच असेल, तर डिझेल घेऊ नका. एक टनाच्या वर्गातली नवी सीएनजी पिकअप घ्या, आणि तीही बरी मोठी पेट्रोल टाकी असलेली. पण हे वाचून मामांना चूक ठरवायला जाऊ नका. त्यांच्या गाडीत जो माल असायचा आणि तो ज्या दिशेने जायचा, त्याला डिझेलच योग्य होतं. तुमचा माल वेगळा आणि दिशा तर उलटीच आहे.

घरातला वाद माळशेजवर अडलाय, म्हणून तिथूनच सुरू करतो. टोमॅटो तुम्ही नारायणगावहून भांडुपला आणता. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी गाडी घाट चढते. देशावरचा शेतमाल मुंबईत येतो तो बहुतेक असाच, माळशेजने या, कसाऱ्याने या नाहीतर बोरघाटाने या. मामांनी मुंबईहून खत, सिमेंट, लोखंड वर चढवलं असणार. सहा टायरचा ट्रक काठोकाठ भरून दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढवणाऱ्या माणसाला इंजिनाची ओढ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. डिझेल इंजिन मिनिटाला हजार-दोन हजार फेऱ्यांच्या दरम्यानच भरपूर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं, त्यामुळे चढावर हाफ क्लच मारत बसावं लागत नाही आणि क्लच प्लेट वाचते. सीएनजीच्या इंजिनाला तेवढी ओढ द्यायला जास्त वेगाने फिरावं लागतं. शिवाय सिलिंडरमध्ये शिरलेला गॅस हवेची जागा खातो, म्हणून तेच इंजिन पेट्रोलवर जेवढी ताकद देतं त्यापेक्षा गॅसवर साधारण दहा टक्के कमी देतं. मामा म्हणतात ते मान टाकणं म्हणजे हेच.

पण रिकामे क्रेट घेऊन वर जाणाऱ्या गाडीला ही उणीव फारशी जाणवणार नाही. गिअर एक खाली घ्यावा लागेल, नारायणगावला पोचायला थोडा उशीर होईल, एवढंच. तुमचा खरा प्रश्न उतरतानाचा आहे आणि त्याचं उत्तर ब्रेकमध्ये आहे. पेट्रोल किंवा सीएनजीच्या इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. इंजिन त्या पोकळीविरुद्ध फिरत राहतं आणि गाडीला धरून ठेवतं. डिझेलमध्ये ती वाट सहसा उघडीच असते. मोठ्या ट्रकना एक्झॉस्ट ब्रेक वेगळा द्यावा लागतो तो त्यामुळेच. तेव्हा भरलेल्या गाडीने माळशेज उतरताना डिझेल तुम्हाला जास्त सांभाळेल ही समजूत काढून टाका. सांभाळेल तो खालचा गिअर, चांगले ब्रेक लायनर आणि गाडीवरचं वजन.

वजनाबद्दल मला काळजी वाटते. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा धरला तर पासष्ट क्रेटचे तेराशे किलो होतात, वर रिकाम्या क्रेटांचं वजन वेगळं. एक टनाच्या गाडीत हे बसवायचं नाही. गाडी जाते, स्प्रिंगचे पाटेही काही दिवस सहन करतात, पण पावसाळ्यातल्या धुक्यात, ओल्या वळणावर ब्रेक तापले की ते हप्त्याच्या हिशेबात बसणारं नुकसान नसतं. कायद्यानेही ते महाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. एक टनाच्या गाडीत पंचेचाळीस क्रेट भरा. पासष्टच हवे असतील तर त्या दोन दिवसांपुरती दीड टनाची डिझेल पिकअप भाड्याने घ्या. आज तुम्ही रोजच भाड्याची गाडी वापरता, मग हंगामातले दोन दिवस वापरली तर कमीपणा कसला? महिन्याचे बाकीचे सव्वीस दिवस ज्या गाडीतून पोट चालतं तिची निवड या दोन दिवसांवरून करू नका.

एक गोष्ट मात्र मामांसोबत बसून तपासा. वर जाताना तुम्हाला भाडं मिळतं का? मुंबईहून जुन्नर-ओतूरकडे किराणा, टाइल्स, औषधं असा माल नियमित मिळत असेल आणि तो टनाच्या आसपास असेल, तर मी आतापर्यंत घाटाबद्दल लिहिलेलं सगळं उलटतं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मी गाडी रिकामी जाते असं धरून चाललोय.

आता रोजच्या फेरीकडे येऊ. इथे जुनं डिझेल आणि आजचं डिझेल यांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण मामांचा अनुभव बहुतेक जुन्याचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ हे मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत पन्नासवरून दहावर आलं आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ बसला. थोडा धूर परत इंजिनात फिरवणारं ईजीआर आहेच, काही गाड्यांत वर धूर साफ करायला युरियाची टाकीही आहे. डीपीएफ काजळी साठवतो आणि ठरावीक पातळी आली की ती जाळून टाकतो. जाळायला साधारण सहाशे अंश तापमान लागतं. ते गाठायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने, शक्यतो भरलेली चालावी लागते. हायवेवरच्या गाडीत हे काम ड्रायव्हरच्या नकळत उरकतं. गल्लीबोळात थांबत-चालत जाणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं. गाडी कँटीनच्या गेटवर बंद केली की जाळणं थांबतं, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. तापमान वाढवायला इंजिन जे जादा डिझेल फवारतं त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, त्याची पातळी वाढलेली दिसते आणि ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक आहे.

तुमच्या बाबतीत चित्र अगदीच वाईट नाही, हेही सांगायला हवं. पहाटे वाशीहून निघून ठाणे-बेलापूर रोड, ऐरोलीचा पूल आणि मुलुंड असे तुम्ही येत असाल, तर तो पट्टा त्या वेळी मोकळा असतो आणि गाडी भरलेली असते. डीपीएफला याहून चांगली संधी शहरात मिळणं कठीण. म्हणजे तुम्ही स्वतः, समजून, रोज चालवणार असाल तर डिझेल निभावूनही जाईल. पण तुम्हाला ताप येईल त्या दिवशी काय? ठेवलेला ड्रायव्हर डॅशबोर्डवरचा डीपीएफचा पिवळा दिवा बघून गाडी बाजूला घेऊन थांबेल का? दिवा दिसूनही गाडी आठवडाभर रेटली की ती लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःच ताकद कमी करून रखडत चालते, मग वर्कशॉप, आणि त्या सकाळी कँटीनवाले दुसरा भाजीवाला शोधतात. कोणी मेकॅनिक डीपीएफ काढून पोकळ पाइप बसवून देतो म्हणाला तर त्याच्याकडून उठून या. ते बेकायदा आहे, आणि तो धूर सगळ्यात आधी तुमच्या हौद्यामागे उभ्या असलेल्या हमालाच्या छातीत जातो.

हिशेब करू. मी आकडे धरतोय ते असे : डिझेल लिटरला ९० रुपये, पेट्रोल १०३, सीएनजी किलोला ८०. तुमच्या पंपावरचा आजचा भाव टाकून हेच गणित पुन्हा मांडा. ॲव्हरेज मी कागदावरचं धरत नाही, भरलेल्या गाडीचं शहरातलं धरतो : डिझेल १४, पेट्रोल १२, सीएनजी १५. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज ५५ किलोमीटर म्हणजे १,४३० किलोमीटर. डिझेलला सुमारे ९,२०० रुपये लागतात, सीएनजीला ७,६००, पेट्रोलला १२,३००. डिझेलने तुम्हाला सतराचं ॲव्हरेज दिलं तरच ते सीएनजीच्या बरोबरीला येतं, आणि पवईच्या चढावर, साकीनाक्याच्या बाजूच्या गर्दीत भरलेल्या गाडीने सतरा मिळवणं अवघड आहे.

यात एक गोंधळ नेहमी होतो. लोक म्हणतात, डिझेल इंजिन जास्त कार्यक्षम, मग सीएनजी पुढे कसा? डिझेल इंजिन खरंच जास्त कार्यक्षम आहे. त्याचं कॉम्प्रेशन सोळा-अठरा पट असतं आणि त्याला हवा अडवून ठेवावी लागत नाही. पण एक किलो सीएनजीमध्ये एक लिटर डिझेलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा जास्त ऊर्जा असते. किलोचं ॲव्हरेज आणि लिटरचं ॲव्हरेज शेजारी ठेवून बघू नका, रुपये आणि किलोमीटर बघा.

जुनं गणित पेट्रोल विरुद्ध डिझेल असं होतं, आणि त्यात डिझेल आजही जिंकतं. गाडीची जादा किंमत किती महिन्यांत वसूल होते एवढंच बघायचं असायचं. मुंबईत तिसरा पर्याय आल्यावर डिझेल गाडी तुमच्या कामाला चालवायलाच महाग पडते, म्हणजे वसुलीचा प्रश्नच उरत नाही. छोट्या गाड्यांतून डिझेल मागे हटलं ते किमतीमुळे. धूर साफ करायची यंत्रणा लहान इंजिनाला लहान किमतीत मिळत नाही. मारुतीने सुपर कॅरी २०१६ मध्ये डिझेलवर आणली आणि २०२० मध्ये बीएस-६ येताच ते इंजिन बंद केलं. दीड टन आणि त्यावरच्या पिकअपमध्ये मात्र डिझेल पाय रोवून आहे, कारण तिथे काम लांबचं आणि जड असतं.

सीएनजीचं कौतुक ऐकवून तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईत सीएनजी किलोला पन्नासच्या आत होता, २०२५ मध्ये ऐंशीला पोचला. डिझेलशी असलेलं अंतर कमी झालंय आणि पुढेही होऊ शकतं. महिन्याची सोळाशे रुपये बचत पुढची सात वर्षं तशीच राहील असं धरून हप्ता ठरवू नका. टाकीचं वजन मालाच्या क्षमतेतून जातं. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो वाहते, सीएनजीवर ६२५. तुमचा रोजचा माल सातशेला टेकतो, त्यामुळे ती गाडी तुमच्यासाठी बाद. तुम्ही टाटा इंट्रा व्ही२० सारखी, पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर चालणारी आणि टनभर पेलणारी गाडी बघा. पंपावरची रांग हा रोजचा त्रास आहे. रिक्षांची शिफ्ट बदलते ती वेळ टाळा, कँटीनचं वाटप आटोपल्यावर भरा, पहाटेसाठी टाकी कधी रिकामी ठेवू नका. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करावी लागते, तिची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून टाका.

मोठ्या पेट्रोल टाकीचा आग्रह मी उगाच धरत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ट्रॉम्बे भागात गॅसच्या मुख्य वाहिनीला इजा झाली आणि मुंबईभर सीएनजी पंप कोरडे पडले. रिक्षा, टॅक्सी रांगेत अडकल्या. भाजी रांगेत थांबत नाही. काही सीएनजी गाड्यांत पेट्रोलची टाकी जेमतेम पाच लिटरची, नावापुरती असते. तुमच्या गाडीत एका दिवसाची पूर्ण फेरी पेट्रोलवर होईल एवढी टाकी असावी. मुरबाड सोडून घाटाकडे जाताना तीच उपयोगी पडेल.

आता मेहुण्याची २०१७ ची गाडी. तिच्या बाजूने एक गोष्ट आहे : ती बीएस-४ आहे, यंत्रणा सोपी आहे आणि भांडुपच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ती उघडू शकतो. नोझल आणि पंपाचं काम निघालं नसेल तर ती अजून बरीच चालेल. तरी मी तुम्हाला ती घेऊ देणार नाही. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी पासिंग लागतं, त्यानंतर दरवर्षी. ही गाडी त्या टप्प्यावर आलेली आहे. जुन्या गाडीला कर्ज महाग पडतं. आणि मुंबईत वारा कुठल्या दिशेने आहे ते बघा. पंचवीसेक वर्षांपूर्वी उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर याच शहरातल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी डिझेल सोडून सीएनजीवर आल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात, शहराच्या हवेबद्दल चिंता व्यक्त केली आणि राज्य सरकारने एक समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या चालवता येतील का, हे तिने तपासायचं होतं. समिती नेमली म्हणजे बंदी आली असं नाही. पण पाच वर्षांनी तुम्ही ती गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा हा विचार करूनच भाव सांगेल.

आणि धुराचं बोलायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. नीट चालणाऱ्या डीपीएफची नवी गाडी बरीचशी काजळी अडवते. २०१७ च्या गाडीत तो नसणार. पहाटे मार्केटच्या गाळ्यापुढे इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत माथाडी कामगार तासन् तास वावरतात, आणि त्यांच्यात तुम्हीही असता. ही गोष्ट मला ॲव्हरेजच्या आकड्याहून लहान वाटत नाही.

विजेच्या गाडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ५५ किलोमीटरची ठरलेली फेरी हे खरं तर तिचंच काम. टाटा एस ईव्ही २०२२ पासून आहे. रात्री गाडी उभी राहते तिथे स्वतःच्या मीटरचं चार्जिंग मिळणार असेल तर डीलरकडे जरूर चौकशी करा. रस्त्यावर पार्किंग असेल तर सध्या तो विषय सोडा. आणि पावसात डिझेल पाण्यातूनही निघतं, हेही कोणीतरी सांगेलच. स्पार्क प्लग नसलेल्या जुन्या, साध्या इंजिनांबद्दल ते काही अंशी खरं होतं. आजचं डिझेल सेन्सर आणि ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर, चालतं, आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर एवढ्या कॉम्प्रेशनला कनेक्टिंग रॉड वाकतो. एलबीएस रोडवर पाणी चढलं असेल तर गाडी कुठलीही असो, थांबवा.

डिझेल तुम्हाला कधी लागेल? कँटीनचं काम मागे पडून नारायणगाव-ओतूर हाच मुख्य धंदा झाला, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, येताना टनाच्या वर आणि जातानाही भरलेली गाडी, महिन्याला तीन हजार किलोमीटरच्या पुढे. तेव्हा दीड टनाची नवी डिझेल पिकअप घ्या आणि ती घेताना मामांना सोबत न्या. तिचं मालासकट एकूण वजन आरसीवर ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, वर गेलं तर लागतं. लायसन्सची चिंता नको. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या मोटारीचं लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

बुकिंगआधी एवढं करा. डीलर रिकामी गाडी सर्व्हिस रोडवरून फिरवून आणायला देईल, त्यावर समाधान मानू नका. कांद्याच्या पन्नास किलोच्या तेरा-चौदा गोण्या घाला, मामांना शेजारी बसवा आणि पवईच्या चढावर गाडी अर्ध्यात थांबवून, हँडब्रेक सोडून, गॅसवरच पुन्हा उचलून बघा. ती कुरकुर न करता उचलली आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये धरून राहिली, तर टोकन द्या. नाही उचलली तर दुसऱ्या कंपनीची, त्याच वजनाच्या वर्गातली सीएनजी बघा.